नखं दाखवा बघू

दर सोमवारी परिपाठ संपला की मी एकच वाक्य म्हणायचे, “नखं दाखवा बघू!” सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या चार शाळा झाल्या, चौतीस वर्षं झाली, वाक्य तेच. पोरं हात पुढे करून ओळीनं उभी राहायची. ज्यांची वाढलेली असायची ती मागच्या मागे दातांनी कुरतडून मोकळी व्हायची. मी लाकडी पट्टी घेऊन ओळीतून फिरायचे. हजारो नखं नजरेखालून गेली असतील. बघितला तो फक्त मळ.

आता मला एकाहत्तरावं लागलंय. सकाळी उठल्यावर आधी हात बघायचे, ही आईनं लावलेली सवय. करदर्शन असतं तळहातांचं. मी गेली काही वर्षं हात उलटे करून पाठीकडूनही बघते. त्यातून जे कळलं, आणि जे कळलंसं वाटलं पण माझ्या त्वचारोगतज्ज्ञ पुतणीनं “काकू, तसं नसतं ते” म्हणून खोडून काढलं, ते दोन्ही इथं मांडते. क्रमांक घातलेत ते शिक्षिकेच्या सवयीनं. पहिला म्हणजे महत्त्वाचा असं काही नाही.

१. उभ्या रेघांना घाबरू नये

साठी उलटली आणि नखांवर मुळापासून टोकापर्यंत बारीक उभ्या रेघा दिसायला लागल्या. बोट फिरवलं की खरखर लागायची. त्याच सुमारास आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र फिरत होतं: अशी रेघ म्हणजे मूत्रपिंड, तशी म्हणजे यकृत, पिवळट म्हणजे अमुक. चित्राशी माझी नखं ताडून बघितली तर मला एका वेळी चार आजार निघाले.

पुतणीनं नखं हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, “या सुरकुत्या आहेत. चेहऱ्यावरच्या मोजतेस का?” नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या आत. वय वाढलं की तिथल्या पेशी सगळीकडे सारख्या जोमानं काम करत नाहीत. कुठं थर जाड पडतो, कुठं पातळ. तकाकी जाते, मुळाशी असणारा पांढरा अर्धचंद्र आक्रसतो. माझा आता दोन अंगठ्यांवरच उरलाय. सगळीच नखं चार-सहा महिन्यांत एकदम खरबरीत, पातळ होऊन चिरायला लागली तर मात्र दाखवायचं. वर्षानुवर्षं हळूहळू आलेल्या रेघांचं काही करायचं नसतं.

२. नख सावकाश बोलतं

विल्यम बीन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. १९४१ साली त्यांनी आपल्या अंगठ्याच्या नखावर, कातडीला लागून, कानशीनं एक बारीक खूण केली आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते मोजलं. मग पुन्हा खूण, पुन्हा मोजणी. असं पस्तीस वर्षं. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. हे सगळं त्यांनी १९८० साली वैद्यकीय नियतकालिकात छापलं. या माणसाबद्दल वाचलं तेव्हा मला भारी वाटलं. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. सामान काय, तर एक कानस आणि कॅलेंडर.

मीही करून बघितलं. पहिल्या जानेवारीला खूण केली, ती मेच्या मध्यावर नेलकटरखाली आली. म्हणजे अंगठ्याच्या दिसणाऱ्या नखाला साडेचार महिने. तरुणपणी किती लागत होते कोण जाणे, तेव्हा मी इतरांची नखं बघत होते.

ही संथ चाल एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं उलगडतं. नखाच्या टोकाला आज दिसतंय ते चार-सहा महिन्यांपूर्वी घडलेलं असतं. पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून कुठलीही गोळी घेऊन पंधरा दिवसांत “नखं सुधारली” असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावते आणि विषय बदलते.

३. आडवी खाच म्हणजे तारीख

हे मात्र सविस्तर सांगायला हवं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात चौघांना कोविड झाला. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र तेव्हा घरोघरी आलेलं. सुनेचा आकडा नव्वदीच्या खाली दाखवायला लागला आणि मुलाचे हातपाय गळाले. पुतणी फोनवरून ओरडली, “आधी तिचं नेलपॉलिश पुसा, हात चोळून गरम करा, मग लावा!” गडद जांभळं नेलपॉलिश होतं. पुसलं, हात चोळले, आकडा शहाण्णव. ऑपरेशनआधी नर्स नखांचा रंग पुसायला लावतात त्यालाही हेच कारण. यंत्राचा उजेड बोटाच्या आरपार जायला हवा, आणि नख निळसर पडतंय का हे डॉक्टरांना डोळ्यांनीही दिसायला हवं.

माझा आणि ह्यांचा आकडा मात्र नेलपॉलिशमुळे खाली आलेला नव्हता. दोघांना एकाच रुग्णवाहिकेतून नेलं. अकरा दिवसांनी मी एकटी परत आले.

जूनअखेर तांदूळ धुताना अंगठ्याला काहीतरी लागलं. बघते तर मुळाजवळ नखावर आडवी खाच, नांगराच्या तासासारखी. दहाही बोटांना, एकाच पातळीवर. पुतणीनं फोटो मागवला. म्हणाली, शरीर मोठ्या आजाराशी झुंजत असतं तेव्हा नख घडवायचं काम ते काही दिवस जवळजवळ थांबवतं. झुंज संपली की काम पुन्हा सुरू. मधे जो खंड पडतो तो खाचेच्या रूपानं नखावर उमटतो. मूळ कातडीखाली असल्यामुळे तो दिसायला महिना-दोन महिने जातात. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली याचं वर्णन केलं, म्हणून अशा खाचांना बो-रेषा म्हणतात. विषमज्वर, न्यूमोनिया, केमोथेरपी, मोठं ऑपरेशन, कशानंही येतात. एकाच बोटाला आली तर बहुधा त्या बोटालाच मार लागलेला असतो. सगळ्या बोटांना आली तर ती सगळ्या शरीराची गोष्ट.

खाचेचं अंतर मोजून आजाराची तारीख काढता येते, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर धरायचे, म्हाताऱ्यांना थोडे कमी. मला मोजायची गरज नव्हती.

खाच वर सरकत राहिली. श्रावणात नखाच्या मध्यावर आली, नवरात्रात टोकाजवळ. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती नेलकटरच्या तोंडाशी आली आणि मी नेलकटर घेऊन खिडकीत बसले. बाकीच्या नऊ बोटांची नखं काढली. उजव्या अंगठ्याचं दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तारेच्या घासणीत अडकून ते आपोआप तुटलं.

४. पांढऱ्या ठिपक्यांचा आणि कॅल्शियमचा संबंध नाही

लहानपणी संध्याकाळी डोक्यावरून बगळ्यांची रांग गेली की आम्ही नखावर नख घासत त्यांच्याकडे फुलं मागायचो. दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळा पावला. मोठेपणी बगळ्याच्या जागी कॅल्शियम आलं, एवढाच फरक. नख बनतं केराटिनचं, केसांसारखंच. त्यात कॅल्शियम नावापुरतं असतं. एखाद-दुसरा पांढरा ठिपका म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वी नखाच्या मुळाशी बसलेला टोला, जो आपण कधीच विसरलोय. बगळ्यांची गोष्ट निदान सुंदर तरी होती.

५. खोलगट नख दिसलं की रक्त तपासावं

आता एक कबुली. १९८६ की ८७ साल असेल. तिसरीत एक मुलगी होती, गप्प, नेहमी भिंतीला टेकून बसणारी. तिची नखं पांढुरकी होती, आणि फुगीर असण्याऐवजी मध्ये दबलेली, उथळ चमच्यासारखी. वेगळी आहेत एवढं मला दिसलं होतं. मळ नव्हता. मी तिच्या पत्रकावर लिहिलं : ‘नखे – स्वच्छ’.

ती चमच्यासारखी नखं म्हणजे लोहाच्या कमतरतेची पाठ्यपुस्तकातली खूण, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. अशा नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळत नाही, वाटीत बसावा तसा बसतो. २०१३ च्या सुमारास शाळांमधून आठवड्याला लोहाची गोळी द्यायला लागले तेव्हा मला ती भिंत आठवली.

म्हातारपणात या खुणेचा अर्थ आणखी पुढे जातो. आमच्या वन्सं पंचाहत्तरीच्या. नखं सपाट, पांढरी पडत चाललेली. जिना चढताना धाप. “वयानं होतं” असं सगळेच म्हणत होते, मीही. हिमोग्लोबिन निघालं सात. लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं व्हायचं, असं घरात ठरतच होतं, पण डॉक्टर म्हणाले, “या वयात लोह कमी झालं म्हणजे रक्त कुठंतरी गळतंय. आधी ते शोधू.” दुर्बीण घालून बघितलं तर जठरात जखम. गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं मनानंच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची. लोह भरत बसलो असतो आणि खालून गळत राहिलं असतं.

६. ‘केस-त्वचा-नखं’वाली गोळी डॉक्टरांपासून लपवू नये

माझ्या नखांचे पापुद्रे सुटायला लागले तेव्हा शेजारच्या वहिनींनी बायोटिनची गोळी सुचवली. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, डबीवर हसरी बाई असते. मी दीड महिना घेतली. नेमकी त्याच वेळी थायरॉइडची वार्षिक तपासणी आली आणि अहवाल उलटाच. इतकी वर्षं मंद असलेली माझी थायरॉइड ग्रंथी कागदावर घोड्यासारखी उधळलेली. डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी करण्याआधी विचारलं, “आणखी काय घेता?” मी म्हटलं, “काही नाही.” कारण नखांची गोळी म्हणजे औषध, असं मला वाटतच नव्हतं. पिशवीतून ती डबी त्यांनीच काढली.

रक्ताच्या काही चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. आपल्या रक्तात ते जास्त झालं की आकडे फसतात. थायरॉइडचे फसतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचेही फसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. बायोटिनची गोळी थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, सगळं ठीक. पापुद्र्यांचं कारण शेवटी निघालं भांड्यांच्या साबणात आणि दिवसातून वीस वेळा हात भिजण्या-सुकण्यात. रबरी हातमोजे आणि रात्री खोबरेल. एवढ्यानं सत्तर टक्के काम झालं, हे माझं आपलं घरगुती गणित.

७. टिपरूसारखी बोटं

आमच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापक गुरुजींची बोटं टोकाशी जाड, गोल झाली होती. नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. ढोलाच्या टिपरूसारखी बोटं म्हणून पोरं मागून हसायची. गुरुजी स्वतःही हसायचे, बिडीचा झुरका घेत. दोन वर्षांत बोटं अशी झाली होती, पूर्वीच्या फोटोत साधी होती. ते त्यांना किंवा आम्हाला खटकलं नाही. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा छातीचा फोटो काढला. फुप्फुसाचा कर्करोग फार पुढे गेलेला होता.

या खुणेला डॉक्टर क्लबिंग म्हणतात, आणि ती हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. घरी बघायची युक्ती सोपी. दोन्ही हातांच्या तर्जनी नखाला नख लावून पाठीला पाठ धरायच्या. मुळापाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यावं. ही युक्ती दिली लिओ शॅमरोथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी, १९७६ साली. त्यांच्याच हृदयाला जंतुसंसर्ग झाला होता आणि आपलीच बोटं बदलताना त्यांनी बघितली. काही घराण्यांत जन्मापासून अशी बोटं असतात, त्यांचं काही नसतं. नव्यानं झालेली असतील तर प्रश्न.

तुम्ही आत्ता तर्जनी जोडून बघितल्यात ना? सगळेच बघतात.

८. एकाच बोटावरची नवी काळी रेघ

आपल्यासारख्या सावळ्या लोकांत नखांवर तपकिरी उभ्या पट्ट्या असणं नवलाचं नाही. अनेक बोटांना, वर्षानुवर्षं तशाच असतात. काळजी त्या रेघेची, जी एकाच बोटाला पन्नाशी-साठीनंतर नव्यानं येते, रुंद होत जाते, कडेला विस्कटते आणि नखाच्या मुळाशी कातडीवरही काळा रंग सांडते. नखाखालचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा वाईट कर्करोग, असा सुरू होऊ शकतो. दुखत नाही, म्हणून राहून जातो.

माझा नातू बॉब मार्लीचं चित्र असलेला टी-शर्ट घालून हिंडतो. पुतणीनं त्याला विचारलं, “हा कशानं गेला माहीत आहे?” त्याला माहीत नव्हतं, मला तर तो कोण हेच माहीत नव्हतं. जमैकाचा हा गायक. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलच्या दुखापतीचा वाटला होता. १९७७ साली तो मेलानोमा निघाला. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो वारला.

मुका मार आणि अशी रेघ यांतला फरक मी स्वतःवर शिकले. गोदरेजच्या कपाटाच्या दारात अनामिका चेमटली, नखाखाली रक्त साकळून काळा डाग पडला. तो महिन्याभरात पुढे सरकला आणि त्याच्या मागे स्वच्छ गुलाबी नख आलं. नखाबरोबर पुढे जातो तो मार. मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते, तिथून हलत नाही, ती रेघ दाखवायची. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या एक बाई सहा महिने तशी रेघ मेंदीखाली झाकत होत्या. मी ओढूनच नेलं. तुकडा काढून तपासला, साधा तीळ निघाला. त्यानंतर त्या दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणाल्या उगाच बोट दुखवलं. चालायचंच.

९. पांढरं नख, अर्धं नख

हे थोडक्यात, कारण हे माझ्या अनुभवातलं नाही, पुतणीनं सांगितलेलं आहे. सगळं नख दुधी पांढरं आणि टोकाशी फक्त गुलाबी-तपकिरी पट्टी, असं यकृत आकसलेल्या रुग्णांत दिसतं. टेरी नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये अशा शंभर रुग्णांपैकी ब्याऐंशींत ते बघितलं. मुळाकडचं अर्धं पांढरं आणि पुढचं अर्धं तपकिरी असेल तर मूत्रपिंडाकडे बघतात. पण टेरीसारखी नखं नुसत्या म्हातारपणातही येतात, मधुमेहातही येतात. म्हणून तिचं म्हणणं, नखावरून रोग ठरवायचा नाही, कोणती तपासणी करायची ते ठरवायचं. त्या व्हॉट्सॲपच्या चित्रावर हे एवढंच वाक्य नव्हतं.

१०. पायाची नखं सरळ काढावीत

ह्यांना मधुमेह होता आणि पोट आड येत असल्यामुळे वाकता यायचं नाही. दर पंधरवड्याला त्यांच्या पायाची नखं मी काढायचे. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं झालेलं. वयाचं म्हणून मी वर्षभर लिंबू चोळलं. ती बुरशी होती. नखाचा चुरा काचपट्टीवर घेऊन तपासला तेव्हा कळलं, आणि पुढं कित्येक महिने औषध चाललं. त्याहून मोठी चूक म्हणजे मी कोपरे गोल कापायचे, सुबक दिसावेत म्हणून. एकदा जिव्हाळीपर्यंत कापलं गेलं. त्यांच्या पायाची संवेदना इतकी कमी झाली होती की त्यांना कळलंही नाही. मला मोज्यावर रक्त दिसलं. मग नख मांसात रुतलं, नखुरडं झालं, सहा आठवडे ड्रेसिंग. सर्जन मला म्हणाले, “बाई, पट्टीनं रेघ मारावी तसं सरळ कापायचं. तुम्ही शिक्षिका ना?”

तेव्हापासून नियम असा. आंघोळीनंतर, नख मऊ असताना, भरपूर उजेडात, सरळ रेषेत. मधुमेह्यानं दर वेळी बोटांच्या बेचक्याही बघायच्या.

आता मलाही वाकता येत नाही. नातू रविवारी पाट घेऊन पायाशी बसतो आणि माझी नखं काढतो, कानात त्या मार्लीचीच गाणी. परवा क्रिकेटमुळे त्याला उशीर झाला, दिवे लागले होते. पाच बोटं झाल्यावर त्यानं नेलकटर मिटवलं. “उरलेली उद्या. रात्री नखं काढत नाहीत, तूच म्हणतेस.” मी म्हणाले, “ती विजेआधीच्या काळातली गोष्ट आहे रे.” पण तो उठला होता. सोमवारी सकाळी शाळेची बस यायच्या आधी पाट घेऊन आला आणि समोर बसत म्हणाला, “आजी, नखं दाखव बघू.”